कॉलेजची ड्राइव्ह फुल्ल झालीय: पुसायचं काय, हलवायचं काय आणि फाईल कुणाच्या नावावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावातल्या एका पदवी कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मॅडम आहेत, पीएच.डी.ही चालू आहे. कॉलेजने दिलेल्या गूगल खात्यात 38 जीबी साठलंय. अ‍ॅडमिनची मेल आलीय की पुढच्या सत्रापासून शिक्षकांना 20 जीबी, विद्यार्थ्यांना 5 जीबी. त्यापुढे नवीन काही चढणार नाही. खात्यात खानापूर तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज, मोडी कागदांचे स्कॅन, कोविडमधली लेक्चरं आणि विभागाची नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) कागदपत्रं आहेत. गाईड सर मे अखेरीस निवृत्त होतायत, त्यांच्या खात्यातही संशोधनाचं बरंच काही आहे. मॅडम विचारतायत: काय पुसू? पैसे भरून जागा वाढेल का? सगळं स्वतःच्या जीमेलवर नेऊ का?

मी सीमाभागातल्या कॉलेजांची खाती, सर्व्हर आणि लॅब सांभाळत आलोय, आणि हा प्रश्न हल्ली दर सत्राच्या तोंडावर येतो. तेव्हा आधी सरळ उत्तर देतो, मग खुलासा.

आत्ता पुसायला बसू नका. कॉलेजच्या खात्यावर तुम्हाला स्वतःच्या खिशातून जागा विकत घेता येत नाही, ती संस्थेनेच घ्यायची असते. वैयक्तिक जीमेलची मोफत जागा 15 जीबी, त्यात 38 मावणार नाही, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिथे नेणं बरोबरही नाही. आणि या सगळ्याच्या आधी गाईड सरांचं खातं बघा. तुमची मर्यादा ओलांडली तर चार दिवस अडचण होईल, एवढंच. सरांचं खातं काही न करता बंद झालं तर त्यातलं परत मिळवण्याची मुदत दिवसांत मोजावी लागते.

ही मर्यादा आलीच कुठून, याचा राग अ‍ॅडमिनवर निघतो म्हणून सांगतो. पूर्वी शैक्षणिक संस्थांना गूगल अमर्याद जागा देत असे. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे संपूर्ण संस्थेला मिळून 100 टीबी, आणि जुन्या संस्थांना तो नियम जुलै 2022 पासून लागू झाला. मायक्रोसॉफ्टनेही 2024 पासून आपल्या शैक्षणिक खात्यांना तसाच सामायिक 100 टीबीचा हिशोब लावला. म्हणजे त्या कंपनीकडे गेलो तर सुटलो, असं आता राहिलेलं नाही.

100 टीबी ऐकायला डोंगराएवढे वाटतात. ते झाले साधारण एक लाख जीबी. अडीच हजार माणसांचं स्वतंत्र कॉलेज असेल तर माणशी 40 जीबी पडतात आणि कुणाला काही कळतही नाही. पण तेच एका विद्यापीठाच्या किंवा मोठ्या शिक्षण संस्थेच्या एकाच डोमेनखाली (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या एकाच नावाखाली) चाळीस हजार खाती असतील तर माणशी अडीच जीबी. त्यात पास होऊन गेलेल्या मुलांची खातीही धरा, कारण ती कुणी बंद केलेली नसतात आणि त्यांतला डेटा त्याच 100 टीबीत मोजला जातो. तुमच्या अ‍ॅडमिनने 20 दिलेत म्हणजे हात बरा सैल सोडलाय.

आता मुद्द्याची गोष्ट. ड्राइव्हमधली जागा फाईल कोण वापरतो यावर मोजत नाहीत, ती कुणाच्या मालकीची आहे यावर मोजतात. आपल्याकडे जमीन कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं असतं ना, तसंच. तुम्ही रोज ज्या फाईलवर काम करता ती सरांनी बनवलेली असेल तर जागा सरांची खाते, आणि सरांचं नाव गेलं की फाईलही जाते. उलट 'शेअर्ड विथ मी'मध्ये दिसणाऱ्या शेकडो फाईली तुमची एक एमबीही खात नाहीत. तिथून त्या काढून टाकण्यात दुपार घालवणारे पुष्कळ बघितलेत. एका कॉलेजातला क्लार्क आठवड्यात दोनदा यायचा, "सर, पुसलं तरी आकडा तसाच म्हणायलंय बघा." आकडा तसाच राहणार, कारण पुसलेलं सगळं दुसऱ्यांचं होतं आणि जे थोडं त्याचं होतं ते ट्रॅशमध्ये पडून होतं. ट्रॅशमधलंही मोजलं जातं. तीस दिवसांनी ते आपोआप जातं, घाई असेल तर स्वतः रिकामं करा. रिकामं केल्यावरही आकडा लगेच हलत नाही, एखादा दिवस जातो. चुकून भलतंच रिकामं केलंत तर पुढचे 25 दिवस अ‍ॅडमिन ते परत आणू शकतो. त्यानंतर त्याच्या हातातही काही नसतं.

म्हणून गाईड सर. त्यांच्याबरोबर एक दिवस बसा आणि बघा की तुमच्या प्रबंधाशी संबंधित काय काय त्यांच्या नावावर आहे: त्यांनी दुरुस्त्या केलेली प्रकरणं, त्यांच्या फोनवरून चढवलेले फोटो, त्यांनी उघडलेलं संदर्भांचं फोल्डर. एका डोमेनमध्ये फाईलची मालकी दुसऱ्याला देता येते. शेअरच्या खिडकीत नावापुढे तो पर्याय असतो. पण फोल्डरची मालकी दिली म्हणून आतल्या फाईलींची मालकी जात नाही. वरून फोल्डर तुमचं दिसतं, आतल्या तीनशे फाईली सरांच्याच राहतात, आणि हे कुणाच्या लक्षात येतं ते खातं बंद झाल्यावर. म्हणून मोठ्या संख्येत करायचं असेल तर अ‍ॅडमिनला सांगा. त्याच्याकडे एका खात्याचं सगळं दुसऱ्या खात्याच्या नावावर करण्याची सोय असते.

पण थांबा, ते तुमच्या खात्यावर घेऊ नका. सरांचे 50-60 जीबी तुमच्या नावावर आले की तुमच्या 20 मध्येच मोजले जाणार. त्यापेक्षा विभागाच्या नावाने एक शेअर्ड ड्राइव्ह उघडून घ्या. तिथली फाईल कुणा माणसाच्या नावावर नसते, संस्थेच्या नावावर असते. माणूस निवृत्त झाला, बदलला, रजेवर गेला तरी ती तिथेच राहते, आणि जागा संस्थेच्या एकूण साठ्यातून जाते, तुमच्या वाट्यातून नाही. मॅनेजर म्हणून कमीत कमी दोघांची नावं घाला, त्यातलं एक विभागप्रमुखाचं. फोल्डर हलवताना 'परवानगी नाही' असं आलं तर डोकेफोड न करता अ‍ॅडमिनकडून हलवून घ्या.

हे सगळं सर कामावर असतानाच व्हायला हवं. कारण डिलिट केलेलं खातं परत उठवायला 20 दिवस मिळतात. मे अखेरीस निवृत्ती म्हणजे हे 20 दिवस नेमके उन्हाळी सुट्टीत आणि प्रवेशांच्या गडबडीत जातात, आणि तुम्हाला काही हवं होतं हे आठवेपर्यंत जून संपतो. अ‍ॅडमिनला लेखी कळवून ठेवा की अमुक खातं हस्तांतर झाल्याशिवाय डिलिट करू नये, तूर्त फक्त निलंबित ठेवावं. निलंबित खातं जागा खात राहतं, म्हणून तो कुरकुरेल. तारीख घालून द्या म्हणजे ऐकेल.

याच ओघात अतिथी प्राध्यापकांचं. आपल्याकडच्या कॉलेजांत अतिथी प्राध्यापकांवर बरंच काम चालतं, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना कॉलेजचं खातंच दिलेलं नसतं. ते बिचारे स्वतःच्या जीमेलवरून नोट्स, हजेरीची शीट, अंतर्गत गुणांचे तक्ते बनवून शेअर करतात. वैयक्तिक जीमेलवरच्या फाईलची मालकी कॉलेजच्या खात्याकडे देता येत नाही. माणूस पुढच्या वर्षी दुसरीकडे गेला, त्याने स्वतःची ड्राइव्ह साफ केली की तुमचा तक्ता गेला. सत्र संपताना 'मेक अ कॉपी' करून विभागाच्या ड्राइव्हमध्ये ठेवणं एवढाच उपाय.

आता तुमचे 38 जीबी. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज अशा तिन्हींची ती बेरीज आहे. कम्प्युटरवर ड्राइव्ह उघडा, डाव्या पट्टीत तळाशी 'स्टोरेज' आहे, त्यावर दाबलं की तुमच्या मालकीच्या फाईली मोठ्यापासून लहान अशा क्रमाने येतात. पहिला पडदाभर यादीतच निम्मं उत्तर असतं. वर्ड फाईली पुसायच्या भानगडीत पडू नका. चारशे पानी प्रबंधाची निव्वळ मजकुराची वर्ड फाईल काही एमबीच्या पुढे जात नाही. 'फायनल', 'फायनल नवा', 'सरांनी बघितलेला फायनल' अशा वीस प्रती असल्या तरी एका व्हिडिओच्या पासंगालाही पुरत नाहीत. त्या गोंधळाचं काय करायचं ते वेगळं, जागेसाठी त्यांना हात लावायची गरज नाही.

पहिला संशयित नेहमी फोन. फोनमध्ये कॉलेजचं खातं घातलेलं असतं, फोटोजचा बॅकअप चालू असतो, आणि घरच्या बारशापासून आंबोलीच्या सहलीपर्यंत सगळं कॉलेजच्या खात्यात चढत राहतं. फोटोजमध्ये जाऊन आधी बॅकअपचं खातं बदला, मग जुने फोटो हलवा. क्रम उलटा केलात तर पुसलेले पुन्हा चढू शकतात. आणि हलवताना तिथला 'स्टोरेज सेव्हर' हा पर्याय मोडी कागदांच्या फोटोंना लावू नका. तो 16 मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान करतो आणि वर दाबतोही. सहलीच्या फोटोंना ते चालतं. पुसट झालेल्या शाईला नाही.

दुसरी कोविडमधली लेक्चरं. 2020 साली मीटवरच्या रेकॉर्डिंगची सोय गूगलने काही काळ सगळ्या शैक्षणिक खात्यांना मोफत उघडली होती, आणि ज्याने मीटिंग बोलावली त्याच्या ड्राइव्हमध्ये ती रेकॉर्डिंग्ज जमा झाली. त्यातली किती आज उपयोगाची आहेत? कर्नाटकात 2021-22 मध्ये एनईपीचा (राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा) अभ्यासक्रम आला, 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीची रचना आली. तुमचं 2020 चं लेक्चर ज्या पेपरसाठी होतं तो पेपर त्यानंतर दोनदा बदलला. एखादं खरंच जमून आलेलं व्याख्यान असेल, पाहुण्या वक्त्याचं असेल, तर ते ठेवा. मुलांना दाखवण्यापुरतं हवं असेल तर यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) टाका, यूट्यूबची जागा या हिशोबात धरत नाहीत. फक्त चॅनेल विभागाच्या खात्यावर हवा, आणि रेकॉर्डिंगमध्ये मुलांचे चेहरे-आवाज असतील तर ते टाकू नका. बाकीचं सरळ पुसा. मला यात हळवेपणा पटत नाही.

तिसरी गोष्ट लोकांच्या ध्यानीमनी नसते: गूगल फॉर्म. फॉर्मवर 'फाईल अपलोड' ठेवलंत की मुलांनी जोडलेली प्रत्येक फाईल फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये, त्याच्या नावावर येते. प्रवेशाच्या वेळी कुणी तरी म्हणतं, मॅडम, तुमच्या खात्यावरून फॉर्म करा की. एका वर्गात 120 मुलं, प्रत्येकाचे चार कागद: एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड, पीयूसीचं (बारावीचं) मार्क्स कार्ड, जात-उत्पन्नाचा दाखला, आधार. सगळे फोनने काढलेले फोटो, एकेक 5 एमबीचा. झाले 2.4 जीबी. तीन वर्षं तीन वर्गांचे असे फॉर्म तुमच्या नावावर असतील तर तुमची मर्यादा तेवढ्यानेच संपते. ते फोल्डर उघडून बघा. मार्क्स कार्डवर टेबलाचं सनमायका दिसतंय, कोपऱ्यात अंगठा आहे, एकाच मुलाने तेच आधार दोनदा जोडलंय आणि दोन्ही वेळा आडवं. काम झालं की हे तुमच्याकडे ठेवण्याचं कारणही नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: ज्या कामासाठी घेतलं ते संपलं की ठेवू नये. ऑफिसला काय हवंय ते विचारून त्यांच्या ताब्यात द्या, बाकी पुसा. पुढचा फॉर्म ऑफिसच्या खात्यावरून करा, 'फक्त पीडीएफ, एकच फाईल, 10 एमबीपर्यंत' असं बंधन घाला, आणि मुलांना ड्राइव्ह अ‍ॅपमधलाच स्कॅनर वापरायला सांगा.

गूगल क्लासरूमचंही असंच. मुलाने असाइनमेंट जमा केली की त्या फाईलची मालकी शिक्षकाकडे येते आणि शिक्षकाने 'रिटर्न' केलं की मुलाकडे परत जाते. आपण गुण वहीत टिपतो, रिटर्न दाबतच नाही. वर्षानुवर्षांचे प्रकल्प तुमच्या नावावर साठून राहतात. जुने वर्ग उघडा, सगळे निवडा, रिटर्न करा. पुसापुशी न करता जागा सुटते आणि मुलाची वस्तू मुलाकडे जाते.

नॅकबद्दल फार लिहीत नाही, लिहायला लागलो तर थांबणार नाही. जिओटॅग केलेले फोटो मागतात म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचे दीडशे फोटो पाच जणांच्या खात्यात पाच वेळा पडलेले असतात, आणि अहवालाला लागतात चार. आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) नावाने एकच शेअर्ड ड्राइव्ह, प्रत्येक कार्यक्रमाचे निवडक फोटो, बाकी रद्द. जुने सेवापुस्तकाचे, संलग्नतेचे कागद, विशेषतः 2010 आधीचे, म्हणजे राणी चन्नम्मा विद्यापीठ होण्यापूर्वी आपण धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होतो तेव्हाचे, ते मात्र जपा. मूळ कागद कुठे आहे हे आता सांगणारी माणसंही निवृत्त होत चाललीत.

तुमच्या संशोधनाच्या साहित्याकडे वळू, कारण खरी काळजी त्याची घ्यायला हवी.

मोडीचे स्कॅन कुठल्या सेटिंगवर केलेत ते बघा. ए-फोर आकाराचं एक पान 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) रंगीत स्कॅन केलं आणि दाबलं नाही तर ते 100 एमबीच्या थोडं वर जातं. तेच 300 डीपीआयवर 26 एमबी. 200 डीपीआयवर करड्या छटांत 4 एमबीच्याही आत. पाचशे पानांचं एक दफ्तर पहिल्या रीतीने 50 जीबीच्या पुढे, दुसऱ्या रीतीने 13, तिसऱ्या रीतीने 2. छापील परिपत्रकाला तिसरी रीत पुरते. मोडी हस्तलिखिताला रंग हवाच, कारण ओल लागून आलेला डाग कुठे संपतो आणि बोरूचा फराटा कुठे सुरू होतो ते करड्या प्रतीत कळत नाही. शिक्का तर नाहीच नाही. 300 ते 400 डीपीआय, रंगीत, टिफ (तपशील न गमावणारा फाईलप्रकार), ही मूळ प्रत. त्यावरून वाचण्यापुरती जेपीजी किंवा पीडीएफ करा, पानाला एक-दीड एमबीची. ड्राइव्हवर ही वाचायची प्रत ठेवा. मूळ टिफ ड्राइव्हवर असण्याची रोज काही गरज पडत नाही.

ओव्यांच्या आवाजाचाही हिशोब तसाच. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ वेव्ह फाईल तासाला 1 जीबी. एक बाई जात्याशी बसून म्हणतेय, समोर एकच माईक, तिथे स्टिरिओने हाती काही लागत नाही. मोनो केलं की निम्मं. त्यावर फ्लॅक या प्रकारात दाबलं की आणखी साधारण निम्मं होतं, आणि आवाजातला एक कणही हरवत नाही, हवं तेव्हा जशीच्या तशी वेव्ह परत करता येते. एमपीथ्री मात्र फक्त ऐकण्या-ऐकवण्यापुरती. 128 केबीपीएसची एमपीथ्री तासाला 60 एमबीच्या आत बसते हे खरं, पण तिच्यात जे गेलं ते गेलं. जात्याची घरघर वेगळी काढून शब्द ऐकायची वेळ पुढे कुणावर आली तर त्याला मूळ फाईलच लागेल. आणि रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवून तिथून उतरवून ठेवायची सवय असेल तर मोडा. ज्या बायांच्या ओव्या आहेत त्यांची नावं, गाव, तारीख आणि परवानगी लिहिलेली एक साधी शीट फाईलींशेजारी असू द्या. पन्नास केबीची ती फाईल बाकी सगळ्यापेक्षा मोलाची ठरते.

मूळ प्रती दोन हार्ड डिस्कवर, दोन घरांत. एक टिळकवाडीत आणि एक निपाणीत असली तर उत्तम, दोन्ही एकाच कपाटात असतील तर ती एकच प्रत समजा. आपल्याकडची पावसाळी दमट हवा लक्षात घेऊन डबा घट्ट बंद होणारा घ्या, आत सिलिका जेल टाका, आणि वर्षातून दोनदा डिस्क जोडून काही फाईली उघडून बघा. वर्षानुवर्षं न जोडता ठेवायची असेल तर एसएसडीपेक्षा साधी फिरती डिस्क बरी. डिस्कवर प्रत झाली म्हणून लगेच ड्राइव्हवरचं पुसू नका. फाईलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळवा, मधली-मधली दहा-वीस पानं उघडून बघा, दोन-तीन रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ओढून ऐका. वळीव सुरू झाला की इथे लाईटचा भरवसा नाही, अर्धवट कॉपी झालेली फाईल नावाने पुरी दिसते आणि उघडत नाही.

इथे एक सापळा आहे, चांगली शिकलेली माणसं त्यात सापडतात. लॅपटॉपवर गूगल ड्राइव्हचं अ‍ॅप घातलेलं असतं, त्यातलं फोल्डर कॉपी करून डिस्कवर टाकतात. त्यातल्या गूगल डॉक आणि शीटच्या ज्या फाईली दिसतात त्या निव्वळ दुवे असतात, आत मजकूर नसतो. खातं बंद झालं की डिस्कवर उरतात ती रिकामी नावं. डॉक आणि शीट वर्ड-एक्सेलच्या रूपात उतरवून घ्या, किंवा 'टेकआउट'मधून (खात्यातलं सगळं उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीतून) घ्या, तिथे ते रूपांतर आपोआप होतं. टेकआउट करताना झिपचे तुकडे 2 जीबीचेच ठेवा, 50 चा एकच मागू नका. नंदगड-खानापूरकडे लाईन मध्येच तुटली तर 2 जीबीच पुन्हा उतरवायचे राहतात. उतरवण्याची लिंक साधारण आठवडाभरच चालते. आणि त्याच अ‍ॅपच्या फोल्डरमधून 'लॅपटॉपवर जागा व्हावी' म्हणून काही पुसू नका, ते वरूनही जातं.

वैयक्तिक जीमेलचं म्हणाल तर ती 15 जीबीची जागा आधीच अर्धी भरलेली असते. 2024 पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यात मोजतात. ती जागा भरली तर मेल येणं बंद होतं, आणि तुमच्या बँकेची, विद्यापीठाची पत्रं त्याच पत्त्यावर येत असतील. स्वतःच्या कविता, लेख, सहलीचे फोटो तिकडे न्या. मुलांचे गुण, आधार, हजेरी अजिबात नेऊ नका, ती तुमची मालमत्ता नाही. पास होऊन जाणाऱ्या मुलांसाठी मात्र गूगलची एक सोय चांगली आहे: शाळा-कॉलेजच्या खात्यातून स्वतःच्या खात्यात मेल आणि ड्राइव्हमधलं थेट पाठवता येतं, अ‍ॅडमिनने ती चालू ठेवली असेल तर. शेवटच्या सत्राच्या मुलांना परीक्षेआधीच सांगा. निकालानंतर कुणी मेल उघडत नाही.

एक खास आपल्याकडची अडचण. एकाच फोल्डरची तीन नावं तीन लिप्यांत असतात. मॅडम मराठीत लिहितात, ऑफिस कन्नडमध्ये, कम्प्युटरवाला इंग्रजीत. शोधताना एका लिपीत टाइप केलं की बाकीचे दोन सापडत नाहीत, मग 'नाहीच वाटतं' म्हणून तेच साहित्य पुन्हा चढवलं जातं. कुठली लिपी वापरावी यावर मी कुणाशी वाद घालत नाही, बेळगावात तर नाहीच. नावाची सुरुवात आकड्याने करा, म्हणजे 2025-06, त्यापुढे विभागाचा ठरलेला क्रमांक, मग हव्या त्या भाषेत हवं ते लिहा. आकडे मात्र सगळ्यांनी एकाच कळफलकावरून, इंग्रजी पद्धतीचेच टाका. एवढ्याने दुबार चढवणं पुष्कळ थांबतं.

हे वाचणाऱ्या माझ्यासारख्या अ‍ॅडमिन मंडळींना दोन शब्द. मर्यादा लावली म्हणून जास्तीचं काही आपोआप पुसलं जात नाही, फक्त नवीन चढायचं थांबतं, हे नोटिशीत पहिल्याच ओळीत लिहा. निम्मी घबराट तिथेच संपते. नोटीस तिन्ही भाषांत काढा. अंतर्गत गुण भरायच्या आठवड्यात मर्यादा लागू करू नका. सगळ्या शिक्षकांना एकच आकडा लावण्यापेक्षा संशोधन करणाऱ्यांचा वेगळा गट करून त्यांना जास्त द्या. आणि शिक्षकांच्या 5-10 जीबीच्या मागे लागण्याआधी पास होऊन गेलेल्यांची खाती बघा, तिथे टीबी पडलेले असतात.

शेवटी तुमचा अर्ज, मॅडम. 'माझी जागा वाढवून मिळावी' एवढंच लिहिलंत तर तो बाजूला पडेल. असं लिहा: मराठी विभागासाठी शेअर्ड ड्राइव्ह उघडून मिळावी, मॅनेजर म्हणून विभागप्रमुख आणि मी. निवृत्त होणाऱ्या गाईड सरांच्या खात्यातलं संशोधनाचं फोल्डर 15 मेपर्यंत त्यात हलवून मिळावं, तोवर आणि त्यानंतर दोन महिने खातं डिलिट करू नये. मूळ स्कॅन आणि रेकॉर्डिंगसाठी दोन हार्ड डिस्कचा खर्च विभागाच्या निधीतून मंजूर व्हावा. प्रत प्राचार्यांना. सरांची सही खाली घ्या, ते अजून कामावर आहेत तोवरच.